गळ्यातला ऑलदो

मित्रांनो, बुटांच्या खोक्याच्या झाकणाला कोणी त्याचं चरित्र विचारत नाही, म्हणून मीच सांगायला बसलो आहे. मी एक जुना पुठ्ठा आहे. खोकं कधीच फाटलं, बूट झिजून गेले, मी मात्र शिकलेल्यांत जमा झालो. कारण एके दिवशी इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी मला कात्रीने चौकोनी केलं, माझ्या पाठीवर जाड काळ्या शाईने 'ऑलदो' हा इंग्रजी शब्द लिहिला आणि दोन कोपऱ्यांना भोकं पाडून त्यांत बुटाचीच नाडी ओवली.

इंग्रजीत माझ्या नावाला आठ अक्षरं लागतात. त्यांतली शेवटची तीन उच्चारात काडीचं काम करत नाहीत, पण हजेरी मात्र न चुकता लावतात. अशी मंडळी तुम्हीही पाहिली असतील. मी कोणाचं नाव घेत नाही.

ऑलदो म्हणजे आपला 'जरी'. एका गोष्टीने दुसरीची वाट अडवायला हवी होती, पण ती अडली नाही, हे सांगायचं असलं की मला बोलावणं येतं. जरी जिना उंच होता, तरी आजोबा चढले. मला वाक्याच्या सुरुवातीला उभं करा नाहीतर मध्ये, माझी तक्रार नसते. फक्त माझ्या पाठोपाठ एक धड विधान लागतं, कर्ता-क्रियापदासकट, आणि त्याच्या जोडीला दुसरं. अर्ध्यावर सोडलं तर मी जिन्यात अडकलेल्या कपाटासारखा दिसतो. ना वर, ना खाली.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी त्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायच्या. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि वर व्याकरण चालायचं. त्यांची पद्धत अशी, की प्रत्येकाने एकेक शब्द गळ्यात घालायचा आणि ओळीने उभं राहून वाक्य व्हायचं. ज्याच्या गळ्यात मी, त्याने शेवटी सगळं वाक्य एकट्याने म्हणायचं. तेव्हा बाकीच्यांनी गप्प राहायचं. वाक्य त्याचं, तो संपवील तेव्हा संपेल.

आपल्या माणसांना 'जरी' म्हटलं की 'तरी' म्हटल्यावाचून चैन पडत नाही. त्यामुळे मी उभा राहिलो, की 'बट' गळ्यात घातलेल्या शिवणमावशी न बोलावता येऊन माझ्या शेजारी उभ्या राहायच्या. बाई त्यांना परत बसवायच्या, कारण इंग्रजीत माझ्याबरोबर 'बट' चालत नाही. मावशींना ते कधी पटलं नाही.

"बाई, हा एकटाच उभा, आणि त्याच्या जोडीच्या 'बट'ने बसून राहायचं? बरं दिसतं का ते?"

"इंग्रजीत तो सडाफटिंग आहे, मावशी. बसा तुम्ही," बाई शांतपणे म्हणायच्या.

याच वर्गात नळकाका आले. हातात जादू, पण जीभ अडखळायची. ते 'वॉ... वॉ...' म्हणाले, की गिऱ्हाईक घाईघाईने 'वॉशर ना?' म्हणून मोकळं व्हायचं. काकांना म्हणायचं असायचं वॉल्व्ह. पण कोण वाद घालणार? ते वॉशर बसवून यायचे आणि दुसऱ्या दिवशी वॉल्व्ह बदलायला पुन्हा जायचे. काकूही त्यांची वाक्यं पूर्ण करायच्या, अर्थात प्रेमाने. काकांनी त्यांना लग्नाचं विचारलं, तेव्हाही शेवटचे दोन शब्द काकूंनीच म्हटले होते. बरोबर म्हटले होते, ही गोष्ट वेगळी.

वर्गात मात्र मी त्यांच्या गळ्यात आलो, की सगळी ओळ थांबायची. निवृत्त पोस्टमन आजोबा छताच्या पंख्याकडे बघत राहायचे. काका अडायचे, सुटायचे, पुन्हा अडायचे आणि पलीकडे पोहोचायचे. पहिल्यांदा पोहोचले, तेव्हा ते बराच वेळ मला गळ्यातून काढायलाच तयार नव्हते.

मग एका मोठ्या इस्पितळात जागा निघाली. पाण्याच्या सगळ्या व्यवस्थेवर देखरेख, कायमची नोकरी. काकांचे गुडघे आता मोरीत वाकायला कुरकुरत होते, त्यांना ती हवीच होती. याआधी दोन ठिकाणी साहेबांनी त्यांची उत्तरं स्वतःच देऊन त्यांना पाच मिनिटांत घरी पाठवलं होतं. इथेही तेच झालं, तर पुन्हा कुठे मुलाखत द्यायची नाही, असं त्यांनी काकूंना सांगितलं. म्हणजे सुरुवात त्यांनी केली. आणि इथल्या मुख्य डॉक्टरीणबाई परदेशी, त्यांना फक्त इंग्रजी येत होतं.

आदल्या दिवशी काकांनी बाईंकडे मला मागितलं. बाईंनी कारण विचारलं नाही. रविवारी परत आणा, एवढंच म्हणाल्या.

फिनेलच्या वासाच्या त्या कॉरिडॉरमध्ये मी त्यांच्या सदऱ्याच्या आत होतो.  आत डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांचा हेडक्लार्क. तुम्हालाच का घ्यावं, असं त्यांनी विचारलं. काकांनी तोंड उघडलं आणि सगळं तिथेच तुंबलं. हेडक्लार्क लगेच मदतीला धावला. यांना सगळी कामं येतात म्हणतात, असं त्याने परस्पर सांगूनही टाकलं.

तेव्हा काकांनी सवयीने सदऱ्यात हात घातला आणि मला गळ्यात अडकवलं. आमच्या वर्गात त्याचा अर्थ एकच होता, आता माझी पाळी. पण इस्पितळाला ते कसं कळणार? डॉक्टरीणबाईंना वाटलं, ओळखपत्र असेल. त्यांनी चष्मा लावून मला वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"ऑलदो?" त्या म्हणाल्या. "ऑलदो व्हॉट?"

हेडक्लार्क बोलायला लागला. त्यांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. आणि थांबल्या. भिंतीवरचं घड्याळ चालत राहिलं, त्या थांबूनच राहिल्या.

काकांनी वाक्य पूर्ण केलं. अडत, सुटत, पण स्वतः. जरी माझी जीभ अडते, पण मी पाणी अडू देत नाही. मित्रांनो, त्यात 'बट' घुसलाच. त्या खोलीत ते कोणाच्या गावीही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. पाऊण तास काका टाक्यांबद्दल बोलत होते.

रविवारी बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं ऐकलं. 'बट' आला, तशी त्यांच्या ओठांची किंचित हालचाल झाली. आयुष्यभर चुका सुधारत आलेली बाई ती. त्यांनी ओठ मिटले आणि चहा मागवला. पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं.

पुढे बाईंना जिना झेपेना, वर्ग बंद झाला आणि ज्याचा शब्द त्याच्या घरी गेला. हल्ली मी इस्पितळाच्या पंपघरात खिळ्याला टांगलेला असतो. ओल लागून फुगलो आहे, शाई पसरली आहे, नाडी एका बाजूने कुजली आहे. कोणी कोरड्या भिंतीवर हलवलं, तर उपकार होतील. नाही हलवलं, तरी चालेल, शेवटी पुठ्ठाच मी.

पण मित्रांनो, एखादा माणूस 'जरी' म्हणून अडला, तर घाईने त्याच्या तोंडात तुमचा शब्द कोंबू नका. त्याचं काय काय अडलेलं आहे, एवढंच तुम्ही ऐकलेलं असतं. काय अडलेलं नाही, ते तो आता सांगणार असतो.