फाईलचा मालक

चार वाजता जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आराखडा बघायला येणार होत्या, आणि तीन वाजून दहा मिनिटं झाली तरी आत्याचं आराखडे काढायचं सॉफ्टवेअर उघडायचं नाव घेत नव्हतं. चिन्ह दाबलं की नावाची पाटी झळकायची आणि लगेच गायब. काय बिनसलं, त्याचं एक अक्षर नाही!

औषधांच्या दुकानात बारा वर्षं उभी राहिल्यावर आत्या डेटाबेस आखायला शिकली होती. कुठल्या जनावराला कधी काय टोचलं, ते कुठल्या तक्त्यात बसवायचं, याचं चित्र तिने महिनाभर खपून काढलं होतं. पहिलंच काम. आज ते दिसलं नाही तर दुसऱ्याला देणार, असं डॉक्टरबाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

"तीनदा काढून परत टाकलं गं," आत्या म्हणाली. "लिनक्सने माझ्याशी कट्टीच घेतलीय."

"कट्टी कसली! तू त्याला बोलूच देत नाहीस," भाची म्हणाली. घरात तिला पटपटी म्हणत, आणि का ते सांगायला नको. दप्तर सोफ्यावर भिरकावून तिने खुर्ची ओढली. "टर्मिनलमधून, हुकूम टाइप करून चालू करू. म्हणजे मरता मरता काहीतरी बरळेल."

बरळलंच. चांगल्या पंचवीस ओळी. आत्याने डोळे मिटून घेतले. पटपटी एकेक ओळ बोटाखाली घेत गेली आणि विसाव्या ओळीवर थांबली: सेटिंगची फाईल उघडायला परवानगी नाही.

"तुझ्याच फोल्डरमध्ये तुलाच मनाई?" तिने फाईलचा मालक कोण ते टर्मिनललाच विचारलं. उत्तर आलं, रूट. म्हणजे कॉम्प्युटरचा सर्वाधिकारी. "आत्या, खरं सांग. सुडो लावून, रूटच्या अधिकाराने उघडलंस ना?"

आत्याचा चेहरा उतरला. "सकाळी भलत्याच फोल्डरमध्ये सेव्ह करत होते, ते होईना. म्हटलं, सगळे अधिकार देऊन टाकू, कटकट नको. एकदाच गं!"

"एकदाच पुरतं! तेवढ्यात त्याने फाईली रूटच्या नावावर केल्या. सॉफ्टवेअर काढलं तरी या सेटिंग तिथेच राहतात. मग तीनदा काय, तीसदा टाक!"

"अगदी आईवर गेलीस. सांग, काय लिहू?"

"मालकी तुझ्या नावावर करायची. सुडो लावूनच."

"परत तेच?"

"या एका ओळीपुरतं. फोल्डरचं नाव दोनदा वाच, मगच एंटर दाब."

आत्याने तीनदा वाचलं. मग दाबलं, आणि सॉफ्टवेअरच्या चिन्हावर पुन्हा टिचकी मारली. पाटी झळकली, आणि मागोमाग सगळे तक्ते, सगळ्या रेघा जागच्या जागी!

डॉक्टरबाई आल्या त्या उभ्यानेच पाहू लागल्या. "दुसरा डोस चुकला, तर कळणार कसं?"

आत्याने लसीच्या तक्त्यात एक रकाना वाढवला, 'पुढची तारीख'. "ही उलटली की त्या जनावराचं नाव चुकलेल्यांच्या यादीत येईल."

"सोमवारी या. जुनी रजिस्टरं दाखवते."

"सकाळी तर हिने सुडो—" पटपटीने तोंड उघडलं. आत्याने टेबलाखालून तिचा पाय दाबला.