दुपारी बंद राहिलेला फ्रिज

बटण नावाचं कुत्र्याचं पिल्लू टेबलावर उलटी करून आडवं पडलं, तेव्हा डॉक्टरबाईंना आधी वाटलं, काहीतरी वेडंवाकडं खाल्लं असेल. पाच महिन्यांचं, काळंभोर पिल्लू. त्याला घेऊन आलेली शिवणकामवाली बाई एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, "काल सकाळपर्यंत माझी कात्री पळवत होतं हो."

मग टेबलावर रक्ताळलेली पातळ शी झाली आणि तो ओळखीचा, डोक्यात जाणारा वास खोलीभर पसरला.

"शक्यच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पार्व्होचा वास होता तो, कुत्र्याच्या पिल्लांचा जीव घेणाऱ्या विषाणूचा. पण याच्या तिन्ही लसी झालेल्या होत्या. शेवटची पाच आठवड्यांपूर्वी, त्यांनी स्वतःच्या हातांनी टोचलेली. तरी त्यांनी तपासणीच्या पट्टीवर थेंब टाकले. दहा मिनिटांत दोन ठसठशीत रेघा उमटल्या, म्हणजे पार्व्होच. त्यांनी बटणला वेगळ्या खोलीत ठेवलं, सलाइन लावलं, उलटी थांबवायचं औषध दिलं आणि सगळी फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसून काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी बटण गेलं.

त्याच सकाळी टपालवाला आपलं पिल्लू शर्टात गुंडाळून धावत आला. तीच उलटी, तोच वास, त्याच दोन रेघा. त्याच्याही लसी पूर्ण झालेल्या. एकदा झालं तर योगायोग म्हणावा. दोनदा नाही. डॉक्टरबाईंनी दोन्ही लसकार्डं शेजारीशेजारी ठेवली. दोघांचेही शेवटचे दोन डोस गेल्या दोन महिन्यांतले.

त्या मागच्या खोलीत गेल्या. लसींचा छोटा फ्रिज नेहमीसारखा गुरगुरत होता. आतला तापमापक चार अंश दाखवत होता. रोज सकाळी नऊ वाजता त्या तो आकडा वहीत लिहीत. दोन महिन्यांची पानं चार, चार, पाच, चार अशी भरलेली होती. तापमापकाला आणखी एक बटण होतं, आदल्या दिवसभरातलं सगळ्यात जास्त तापमान दाखवणारं. ते त्यांनी कधी दाबलंच नव्हतं. आज दाबलं.

एकवीस.

त्यांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. एकवीसच. आठच्या वर गेलं की लसीचा भरवसा संपला, हे त्या शिकाऊ मुलींना बजावून सांगत आल्या होत्या.

दुपारी एकला दवाखाना बंद झाला, तरी त्या जेवायला घरी गेल्या नाहीत. मागच्या खोलीतच स्टूल ओढून बसल्या. दीडच्या सुमाराला दुधाची बाटली घेऊन अप्पा आले. अप्पा म्हणजे त्यांचे वडील. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते दवाखान्यात येणारी पोरकी मांजराची पिल्लं सांभाळत. एक खेप दत्तक गेली की दुसरी हजर.

"अगं, तू इथं?" म्हणत अप्पा वाकले आणि लेकीच्या डोळ्यांदेखत त्यांनी फ्रिजची पिन उपटली. तिथं पिल्लांच्या खोक्यावरच्या दिव्याची पिन खोचली.

"अप्पा! काय करताय?"

"दिवा लावतोय. सकाळची गरम पाण्याची पिशवी गार पडते, पिल्लं काकडतात बिचारी. इथं एकच तर बोर्ड आहे."

"हे... रोज करता?"

"रोज. दोन महिने झाले. पण पाचच्या आत परत लावतो हो फ्रिज. एक दिवस विसरलो नाही."

ते अभिमानाने म्हणाले. डॉक्टरबाई अंगात वीज भरल्यासारख्या उठल्या, दिव्याची पिन ओढून काढली आणि लहानपणी त्यांच्यावर कुणी ओरडलं नसेल इतक्या जोरात त्या वडिलांवर ओरडल्या. "त्यात लसी असतात, अप्पा! औषधाचं पाणी करून ठेवलंत तुम्ही! मी दोन महिने जनावरांना पाणी टोचतेय!"

अप्पांच्या हातातली बाटली कलंडली. दूध फरशीवर सांडत राहिलं. "ते पिल्लू... म्हणून गेलं?" त्यांनी विचारलं. ओरडल्याबरोबर डॉक्टरबाईंना वही आठवली होती. तापमापकाचं ते बटण न दाबणाऱ्या त्या स्वतःच होत्या.

संध्याकाळी त्या शिवणकामवालीकडे गेल्या. मशीन बंद होतं. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कळलंच नसतं," बाई म्हणाली.

"नसतं."

"मग सांगायला कशाला आलात? माझ्या जखमेवर मीठ चोळायला?"

"तुमच्या मांजरीलाही गेल्या महिन्यात मीच लस दिलीय. तीही झाली असं धरू नका, पुन्हा द्यावी लागेल. आणि घर ब्लीचने धुऊन घ्या, काही महिने नवं पिल्लू आणू नका. तो विषाणू चिवट असतो."

"धुते. मांजरीला दुसऱ्या डॉक्टरकडे नेईन." बाईने दार लावलं, आपटलं नाही. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टरबाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी फ्रिजमधल्या सगळ्या कुप्या बाद केल्या. दोन महिन्यांत लस घेतलेल्या कुत्र्या-मांजरांची यादी निघाली, त्रेचाळीस. डॉक्टरबाईंनी फोन उचलला, तेवढ्यात अप्पा खुर्ची ओढून समोर बसले. रात्रभर झोपले नव्हते, चेहरा उतरला होता.

"निम्मी यादी मला दे."

"लोक वाटेल ते बोलतील, अप्पा."

"बोलू देत की. पिन काय लोकांनी काढली होती?"

आणि बोललेच लोक. कुणी शिव्या घातल्या, कुणी फोन आपटला. नऊजण दुसऱ्या दवाखान्यात गेले, बाकीचे नव्या लसीसाठी परत आले. टपालवाल्याचं पिल्लू पाचव्या दिवशी स्वतःहून पाणी प्यायलं आणि वाचलं. पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी अप्पांनी चष्मा पुसला, पहिला नंबर फिरवला आणि पलीकडून आवाज येताच उभे राहून म्हणाले, "नमस्कार. जनावरांच्या दवाखान्यातून बोलतोय. आमच्याकडून एक मोठी चूक झालीय, रागावा हवं तर, पण आधी ऐकून घ्या."