तू आज बाहेर बस

मिस्त्रींनी दवाखान्याच्या आतल्या दाराशी हात आडवा धरला आणि बायकोला म्हणाले,

"तू आज बाहेर बस."

"का? मी काय चावते कुणाला?"

"बस गं. आज मला बोलू दे."

ती फणकाऱ्याने बाकावर बसली. आजवर डॉक्टरांनी मिस्त्रींना विचारायचं आणि उत्तर तिनं द्यायचं, असाच शिरस्ता होता. घरात पथ्य कडक आहे हो, पण हे कामावर चोरून खातात, हे तिचं ठरलेलं उत्तर. मिस्त्री तोंड उघडेपर्यंत गोळी वाढवून झालेली असायची. रक्तातली साखर काही उतरत नव्हती. उतरत होते ते मिस्त्री. रंधा जरा मारला की हात भरून यायचे आणि घरी अर्ध्या ताटावरून उठावं लागायचं. भूक आणि बोलणी दोन्ही खाऊन माणूस पार वाळला होता.

"पुन्हा वाढली की साखर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाहेर काय काय खाताय?"

"काही नाही."

त्या हसल्या. लबाड पोराकडे बघून हसावं तसं. मिस्त्रींचे कान तापले. घरून घोकून आणलेलं सगळं बोलणं डोक्यातून गेलं. त्यांनी सरळ सदऱ्याची बटणं सोडली.

"बघा. चोरून खाणाऱ्याच्या बरगड्या अशा दिसतात?"

डॉक्टरांचं हसू मावळलं.

"माझ्या मावसबहिणीलाही आधी गोळ्याच दिल्या होत्या," मिस्त्री म्हणाले. "शेवटी निघाला टाइप वन मधुमेह."

"तो बहुतेक लहानपणी होतो, मिस्त्री."

"ती चाळिशी ओलांडलेली होती. शरीरात इन्शुलिन बनतंय की नाही, ते रक्तातून कळतं म्हणे. ती तपासणी लिहून द्या. मी खोटा ठरलो तर उद्यापासून गवत खाईन."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि कागद पुढे ओढला.

रिपोर्ट आला त्या दिवशी मिस्त्रींनी बायकोला आत नेलं.

"टाइप वनच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "इन्शुलिन जवळजवळ बनतच नाहीये. पथ्य कितीही पाळलं असतं तरी या गोळ्यांनी भागलं नसतं. तुम्ही हट्ट धरलात ते बरं केलंत. मीच आधी बघायला हवं होतं."

आता जन्मभर इंजेक्शनं, हे ऐकून दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. मिस्त्री मात्र खुशीत हसले. बायको काही बोलली नाही. वाटेत गप्प, घरी ताट वाढताना गप्प. ताट मात्र भरलेलं होतं. ती काहीतरी म्हणेल याची मिस्त्रींनी चार दिवस वाट पाहिली, मग सोडून दिलं.

इन्शुलिनने महिन्याभरात अंगात जीव आला. एका शिक्षिकेच्या घरी ते नवं दार बसवायला गेले, तर दुपारी बाई चहा आणि बिस्किटं घेऊन आल्या. मिस्त्री चकित झाले. गेले कित्येक महिने एकाही गिऱ्हाइकाने त्यांना पाण्यापलीकडे काही विचारलं नव्हतं. जग चिकट झालंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

"घ्या, संकोच नको. तुमच्या मिसेस येऊन गेल्या काल."

"आमची ही? कशाला?"

"मागे तुम्ही इथे कपाट करत होतात ना, तेव्हा बजावून गेल्या होत्या, यांना काही खायला देऊ नका म्हणून. काल म्हणाल्या, आता इंजेक्शन घेतात, वेळेवर खावं लागतं, उपाशी ठेवू नका. म्हणाल्या, 'ते खरंच बोलत होते हो, माझंच चुकलं.' डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

मिस्त्रींच्या हातातलं बिस्किट चहात तुटून पडलं.

"तुमची सगळी जुनी गिऱ्हाइकं गाठतायत म्हणे," बाई सांगत होत्या. "आज नदीपलीकडची घरं करणार होत्या."

मिस्त्रींनी दार बसवलं, उघडून-मिटून पाहिलं आणि जरा लवकरच हत्यारं आवरली. नदीपलीकडे सगळा चढच आहे. ती दमून येणार होती; तिच्या आधी घरी पोचून भात तरी लावायला हवा होता.