पोहोचपावतीवरची सही

वकीलबाईंनी पोहोचपावती टेबलावर ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ही सही कोणाची?"

खोली सोडण्यासाठी भाडेकरूला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा पाठवलेल्या नोटिशीची ती पावती होती. पहिल्या वेळी त्या भाडेकरूनं, खालच्या खोलीतल्या पॉलिशवाल्यानं, आतूनच ओरडून पोस्टमनला सांगितलं होतं, "घरात कोणी नाही!" दुसऱ्या वेळी तो दाराला बाहेरून कुलूप घालून मागच्या खिडकीतून आत शिरला होता. या वेळी मात्र पावतीवर सही होती. गोल अक्षर, खाली ठसठशीत रेघ.

"सासूबाईंची," ती म्हणाली. तिचे कान तापले.

"घर त्यांचं, नोटीस त्यांच्या नावानं पाठवलेली, आणि घेतली पण त्यांनीच." वकीलबाईंनी चष्मा खाली घेतला. "नोटीस न घेणारे मी पुष्कळ बघितले. स्वतःची स्वतः घेणाऱ्या या पहिल्याच."

"मग आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या हातात नोटीस पडली की तीस दिवस. ते संपेपर्यंत दावा लावता येत नाही. पोस्टाचा नाद सोडा. जाऊन हातात द्या, दुसऱ्या प्रतीवर सही घ्या. साक्षीदार घरातला नको."

घरी आल्यावर तिला सासूबाईंवर नीट चिडताही येईना. त्या घराची रीतच तशी होती. जिन्याच्या तोंडाशी जो असेल त्यानं सगळ्यांचं टपाल घ्यायचं, सही करायची आणि मीटरच्या पेटीवर ठेवून द्यायचं. तिच्या लेकीच्या औषधाची पार्सलं अकरा महिने पॉलिशवालाच घेत आला होता.

"पोस्टमन म्हणाला खालच्यांचं आहे, मी म्हटलं आण इकडे," सासूबाई म्हणाल्या. "हात आपोआप गेला गं. पाकीट बघून तरी आठवायला हवं होतं. माझी अक्कल चरायला गेली होती."

"जाऊ दे, आई."

"तू जाऊ दे म्हणतेस तेव्हा मला जास्त भीती वाटते."

ती पलंगाकडे वळली. तिची लेक ठमी झोपली होती. अडीच वर्षांची पोर, पण श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. ती तिथे टक लावून बघत राहिली. कामावरची पाळी संपवून नवरा येईल तेव्हा विचारील, आज कशी आहे? आणि ती म्हणेल, कालच्यासारखीच. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, खालून येणारा वास थांबत नाही तोवर वाफेचं मशीन सुटणार नाही. पॉलिशवाल्याला खालची खोली राहण्यासाठी दिली होती. सुरुवातीला एखादी खुर्ची, एखादा पाट. मग कपाटं आली, थिनरचे डबे आले, आणि फरशीतून, खिडकीतून, मोरीच्या जाळीतून तो गोडसर वास वर येऊ लागला. पॉलिशवाल्याला किती वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "उद्यापासून बाहेर करतो, वहिनी." त्याचं उद्या काही उजाडत नव्हतं.

तिनं नोटिशीच्या दोन प्रती घेतल्या, पेन घेतलं आणि जिना उतरली. सांगायचं वाक्य चार वेळा मनात घोकलं होतं. खाली पोचेपर्यंत त्यातलं एकही शिल्लक नव्हतं.

दार उघडंच होतं. आत पॉलिशवाला कपाटाच्या दारावर कापडाचा बोळा फिरवत होता. बाजूच्या डब्यावर एक जाडजूड गिऱ्हाईक बसलं होतं, आपल्या खुर्चीची वाट बघत.

"वहिनी, दोन मिनिटं. हात मध्येच थांबवता येत नाही."

ती उंबऱ्याबाहेर तोंडावर ओढणी धरून थांबली. त्यानं दार वरपासून खालपर्यंत एका दमात पुरं केलं. बोळा डब्यात टाकला.

"नोटीस आहे," ती म्हणाली.

"माहिताय. वाचलीय." तो हात पुसू लागला. "काकूंनी पेटीवर ठेवली होती ना. नाव माझं, म्हणून उघडली. मग वाचून पुन्हा चिकटवली. कळलं का कुठे उघडली ते? नाही ना? तीन पैशांचा डिंक लागला."

गिऱ्हाईक हसलं. तिला हसू आलं नाही.

"मग इथे सही करा."

"आणि नाही केली तर?"

"पुन्हा पाठवीन."

"मी पुन्हा घेणार नाही."

"मग पुन्हा पाठवीन." तिला वाटलं होतं आवाज चढेल. तो उलट उतरतच गेला. "मला दुसरं काही येत नाही हो. वर पोर धापा टाकते. दिवसभर मी तिचं पोट वरखाली होताना बघते. मी थकलेय, पण मला थांबता येत नाही."

त्यानं थिनरच्या डब्याचं झाकण दाबून लावलं. मग म्हणाला, "खिडकी बंद ठेवून काम करीन. डबे मागच्या अंगणात ठेवीन. उद्यापासून."

क्षणभर तिचं मन वळलं. हो म्हटलं की वर जाऊन निजता येईल, कोर्ट नाही, वकील नाही. तिनं प्रत पुढे धरली.

"सही करा."

त्यानं कपाटाच्या दाराकडे बघितलं. "तुमच्या त्या पोस्टमनपायी दोन दारं पुन्हा घासावी लागली मला. तो आला की दिवा बंद, हात बंद, श्वास बंद. इकडे पॉलिश अर्ध्यात सुकून पट्टा पडतो. अकरा वर्षांत माझ्या कामावर कधी पट्टा पडला नव्हता." त्यानं पेन घेतलं. "आणा."

सही करताना कागदावर तांबूस अंगठा उमटला. त्यानं खाली तारीखही घातली, आजचीच. तिनं वाकून खात्री केली.

"साक्षीदार लागेल," ती गिऱ्हाइकाकडे वळली. "तुम्ही कराल का?"

"करतो की. पण मला सांगा, तीस दिवसांत माझी खुर्ची होईल ना?"

"होईल हो," पॉलिशवाला म्हणाला. "मी काय तीस दिवसांत उठतोय? कोर्टात भेटू, वहिनी."

ती वर आली तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"घेतली?"

"घेतली. जाणार नाही म्हणतो. तीस दिवसांनी दावा. मग तारखा."

"म्हणजे हिवाळा गेला."

"गेला."

ती पलंगापाशी गेली. मग तिनं उशा उचलल्या. सगळ्या घरात खालच्या खोलीवर न येणारी एकच जागा होती, स्वयंपाकघर. गादी फिरवून दारातून न्यावी लागली. सासूबाई मध्ये अडकल्या, म्हणाल्या, "थांब गं, मला तरी जाऊ दे." ओटा आणि कपाट यांच्या मधल्या पट्टीत गादी जेमतेम बसली. ठमीला तिनं उचलून आणलं तरी ती जागी झाली नाही.

वाफेच्या मशीनची वायर स्वयंपाकघरातल्या बटणापर्यंत पोचेना. सासूबाई जोडवायर शोधायला गेल्या. ती ओट्याला पाठ लावून खाली बसली, घड्याळ समोर धरलं आणि लेकीचे श्वास मोजू लागली. एका मिनिटात बेचाळीस, डॉक्टरांनी सांगितलेल्या चाळिसाच्या वर. तिनं पुन्हा मोजले.