ओमेरच्या हातातली जादू

शिकारीच्या आठवड्यात आमच्या गॅरेजात फक्त बायकाच येतात. नवरे मूस नावाच्या थोराड हरणांच्या मागे जंगलात गेलेले असतात, आणि त्यांना सांगून सांगून कंटाळलेल्या बायका स्वतःच गाड्या घेऊन रांगेत उभ्या राहतात. उन्हाळी टायर काढायचे, हिवाळी चढवायचे. मी नोंदी घेते, माझा भाऊ रोझेर जॅक लावतो. ऑक्टोबरातला हा आठवडा मला मनापासून आवडतो. कुणी शहाणपणा शिकवायला येत नाही.

या रांगेत बावीस वर्षं पहिली गाडी रोलांदची असायची.

रोलांद म्हणजे ओमेरची बायको. ओमेर लाशान्स, मालगाडीचे निवृत्त ड्रायव्हर. अख्ख्या गावात हिवाळी टायर न वापरणारा मीच एकटा, अशी त्यांची समजूत होती. रोज सकाळी डोनटच्या दुकानात कॉफीचा कप हातात घेऊन ते सगळ्यांना ऐकवायचे, "अरे, टायरवाले लुटतात तुम्हाला! मी साठ डबे बर्फातून ओढलेत. गाडी टायर थांबवत नाहीत, हात थांबवतात." आणि दोन्ही हात वर करून दाखवायचे.

ओमेर मूस मारायला गेले, की रोलांद गुपचूप गाडी आणायची. लोखंडी रिमवर बसवलेले हिवाळी टायर आमच्याच माळ्यावर ठेवलेले असायचे. चाकाची झाकणं तीच, त्यामुळे वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. मे महिन्यात ओमेर मासे धरायला गेले, की पुन्हा उलटा कार्यक्रम. आता तुम्ही म्हणाल, माणसाला स्वतःच्या गाडीची चाकं ओळखू येत नाहीत? तर नाही येत. इंजिनाचा बारीकसारीक आवाजही ओळखणारा हा माणूस गाडीच्या चाकाकडे कधी वाकून बघायचा नाही.

"सांगून का टाकत नाहीस?" मी एकदा तिला विचारलं होतं.

"चाळीस वर्षांत एकदाही माझ्या स्वयंपाकाला नाव नाही ठेवलं त्यानं," रोलांद म्हणाली. "आणि माझा स्वयंपाक कसा असतो ते तुला ठाऊक आहे, तू खाल्लायस. असू दे त्याची एक फुशारकी. तू मात्र शपथ घे, उगेत."

मी घेतली.

रोलांद जुलैमध्ये गेली. ऑक्टोबरात शिकारीचा आठवडा आला, रांग लागली, आणि पहिली गाडी दुसऱ्याच कुणाची होती. ओमेरची गाडी उन्हाळी टायरांवरच होती. चर्चबाहेर मी ती दोनदा बघितली आणि दोन्ही वेळा मूग गिळून घरी आले. मेलेल्या बाईला दिलेला शब्द मोडवत नव्हता. काहीतरी युक्ती सुचेल, असं स्वतःला सांगत राहिले. खरं तर ती शुद्ध चालढकल होती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ पडला. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी ओमेर गॅरेजात आले. गाडी अशी हळू आणली, की मागे दोन ट्रक हॉर्न वाजवत होते. थांबताना पुढचा भाग बर्फाच्या ढिगाला टेकलाच.

टोपी काढून ते काउंटरशी उभे राहिले. "पोरी, ही गाडी विकायची आहे. गिऱ्हाईक असलं तर सांग."

"विकायची? आणि माएलला तरणतलावावर कोण नेणार?"

माएल म्हणजे त्यांची नऊ वर्षांची नात. तिची आई रुग्णालयात नर्स आहे, शनिवारी तिला सुट्टी नसते. दर शनिवारी ओमेरच तिला सत्तर किलोमीटरवर पोहायला नेतात. रोलांद गेल्यापासून त्या माणसाच्या आठवड्यात दुसरं काही उरलेलं नव्हतं.

"तिला नेतानाच झालं," ते म्हणाले. "परवा. हायवेला लागतो ना आपण, त्या 'थांबा' लिहिलेल्या पाटीपाशी. ब्रेक दाबला, हळूच दाबला, नेहमीसारखा. गाडी थांबेचना. सरळ हायवेवर गेली. ओंडके भरलेला ट्रक आमच्या नाकासमोरून गेला, उगेत. इतक्या जवळून, की त्याच्या साखळ्यांचा आवाज ऐकला मी. पोर ओरडलीसुद्धा नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली."

त्यांनी हात काउंटरवर ठेवले.

"हात गेले माझे. म्हातारा झालो. लेकीला अजून सांगितलं नाही, पण किल्ल्या तिच्याकडे देणार. ती म्हणते ना, वृद्धांच्या घरात एक खोली रिकामी आहे, तर जाईन तिकडे."

मला स्वतःचीच लाज वाटली. ते पोरगं त्या ट्रकखाली गेलं असतं तर माझी शपथ चुलीत घालायच्याही लायकीची राहिली नसती. मनात म्हटलं, रोलांद, माफ कर.

"ओमेर, तुमचे हात ठीक आहेत," मी म्हटलं. "चाकं चुकीची आहेत."

"चाकं काय चुकीची? तीच तर आहेत!"

"तीच नाहीत. या माझ्याबरोबर."

मी त्यांना माळ्यावर नेलं. शेवटच्या खणात चार टायर होते, आणि प्रत्येकावर चिकटपट्टी. तिच्यावर रोलांदचं तिरकं अक्षर: लाशान्स, पुढचं डावं. लाशान्स, पुढचं उजवं. चौथ्यावर खाली लिहिलं होतं: घरी फोन करू नये!

ओमेर ते अक्षर बघत उभे राहिले. मग मी सगळं सांगितलं. शिकारीचा आठवडा, माशांचा आठवडा, बावीस वर्षं.

"खोटं बोलतेस," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून."

"मी कधी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलले आहे का?"

हे मात्र त्यांना पटलं.

"थंडीत उन्हाळी टायरचं रबर कडक होतं," मी म्हटलं. "फ्रिजमधल्या लोण्यासारखं. पावावर लावायला गेलं तर पसरतं का? नुसतं घसरतं. हे बघा, नख लावा याला. बाहेर उणे बारा आहे, माळाही गार आहे, तरी मऊ आहे. हे बर्फ धरून ठेवतं. तुमच्या हातांनी परवा ब्रेक बरोबरच दाबला, पण खाली धरणारं कुणी नव्हतं."

मी खिशातून पंचवीस सेंटचं नाणं काढलं आणि टायरच्या खाचेत खुपसलं, त्यावरच्या कॅरिबू हरणाचं नाक खाली करून. नाक पूर्ण बुडालं, म्हणजे खाच अजून पुरेशी खोल होती. अजून दोन हिवाळे सहज निघणार होते. रोलांदनं नेहमी वेळेवर बदलले होते.

रोझेरनं अर्ध्या तासात चारही चाकं चढवली. मी ओमेरना मागच्या मोकळ्या जागेत पाठवलं. तिथे बर्फ दबून काचेसारखा झाला होता. "त्या पिंपापर्यंत जा आणि पाटीपाशी दाबला होतात तसाच ब्रेक दाबा."

ते निघाले. पिंपाच्या अलीकडे गाडी किंचित कुरकुरली आणि सरळ उभी राहिली. त्यांनी मागे घेऊन पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग इंजिन बंद केलं, पण दार काही उघडेना. मी कोट न घालताच बाहेर धावले. म्हाताऱ्याला काही झालं की काय!

ओमेर स्टिअरिंगवर हात ठेवून रडत होते.

"ती शेजारी बसायची," ते म्हणाले. "दर हिवाळ्यात. वळणावर माझ्या दंडावर थोपटायची आणि म्हणायची, ओमेर, तुझ्या हातात जादू आहे."

मलाही रडू आलं, आणि थंडीत रडलं की पापण्या चिकटतात.

आत येईपर्यंत त्यांना थोडा राग आला होता, ते मला बरं लक्षण वाटलं. "बावीस वर्षं मी त्या डोनटच्या दुकानात बोंबलत बसलो, आणि तुम्ही सगळे हसत होतात!"

"सगळे नाही. मी आणि रोझेर, दोघंच."

"तू आणि रोझेर म्हणजे सगळं गावच की!"

"आमच्या तोंडून शब्द बाहेर गेला नाही, ओमेर. शपथेवर."

"मोठी आली शपथवाली," ते पुटपुटले. टोपी घातली, किल्ल्या घेतल्या. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"हे काढायचे कधी असतात?"

"मे महिन्यात. तुम्ही मासे धरायला जाता त्या आठवड्यात."

"या वेळी मासे वाचले म्हणायचे. लिही."

मी वही उघडली. "नाव?"

त्यांनी बाहेर उभ्या गाडीकडे बघितलं. मग वाकून, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, तिच्या चाकांकडे बघितलं.

"रोलांदचं लिही," ते म्हणाले. "गाडी मी आणीन."