कुयिलीच्या नावाचं बक्षीस

तळहातावरचा ताडगुळाचा खडा कडेनं पाघळायला लागला होता, आणि पुनिदवती टीचर त्याच्याकडेच बघत बसल्या होत्या... खडा तोंडात टाकून शेवटचा घोट घेतला की चहा संपणार, आणि चहा संपला की बोलावं लागणार.

समोर तवमणी, कुयिलीची आई. शेजारी सेंदूरन, कुयिलीच्याच वर्गातला, आता त्याच शाळेत गणित शिकवणारा. "टीचर, तुम्हीच सांगा," इकडे तवमणीच्या घरी येताना तो म्हणाला होता, "माझ्याच्यानं नाही होणार."

शाळेची शंभरी. पण युद्धाच्या त्या शेवटच्या वर्षी, कुयिली शिकत होती तेव्हा, शाळा होती तरी कुठे? तोफा जवळ आल्या तशी ती इमारतीतून देवळाच्या आवारात गेली, तिथून नारळीच्या बागेत, शेवटी समुद्राकाठी ताडपत्रीखाली — आधी बाकं मागे राहिली, मग फळा, मग मुलं... तोफगोळा पडला की सगळी वाळूत पालथी, आणि आवाज विरतो न विरतो तोच कुयिली, ओठांना वाळू चिकटलेली, विचारायची, "टीचर, पुढचं उदाहरण?" मग युद्ध संपल्यावर माणसं भरून नेणारी लष्कराची बस. चढताना तिनं मागे वळून हात केला. त्यानंतर काही नाही. कुठेच नाही.

"तवमणी," टीचर एकदाच्या बोलल्या, "गणितात पहिल्या येणाऱ्याला शाळा कुयिलीच्या नावानं बक्षीस देणार आहे."

"माझ्या पोरीच्या नावानं?" तवमणी केवढी उजळली! पदरानं तिनं तोंड पुसलं, जणू फोटोच काढायचा होता. "काय नाव देणार?"

"कुयिली स्मृती..." सेंदूरन म्हणाला आणि थांबला.

तवमणीनं किटली खाली ठेवली. "स्मृती मेलेल्यांची करतात."

"अम्मा, इतकी वर्षं झाली —"

"तू गप रे. तिच्या वहीत बघून लिहिणारा तू!"

त्याला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच डोळे भरले.

"टीचर, तुम्ही पाहिलीत ना तिला बसमध्ये चढताना? आपल्या पायांनी चढली ना?"

"हो."

"मग?"

तवमणीला समज नाही, असंच टीचर मानत आल्या होत्या, वाटेतही तिची कीव करतच आल्या होत्या. आणि आपण? ‘फार हुशार होती’ — हे ‘होती’ कधी लागलं आपल्या जिभेला? ना प्रेत, ना अग्नी, ना अंघोळ, आणि मी तिला पोचवूनही आले?

"हुशार आहे ना हो माझी पोर?"

"आहे," टीचर म्हणाल्या.

नुसती समजूत घालायची म्हणून. पण तो शब्द छातीत कुठेतरी रुतला आणि त्या घाबरल्या — म्हणजे आता उद्यापासून आपणही तवमणीसारखं... बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघायचं, तिशी उलटलेल्या, कदाचित केस पिकू लागलेल्या. त्यांनी डोळे मिटून कुयिलीचा तसा चेहरा उभा करून पाहिला. दोन वेण्यांपलीकडे काही येईना. समोर तवमणी बोलत होती, पोरीला काय काय आवडतं ते सांगत होती, आणि आता मला ती ओळखू तरी येईल का, या धसक्यानं टीचरना त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं.