सहाव्या भागातले वाक्य

एकोणीस पानांच्या संहितेत ‘घाबरू नको, मी शे ना!’ हे वाक्य अकरा वेळा आले होते. योगेंद्र सरांनी प्रत्येकाखाली तांबडी रेघ ओढली, शेवटच्या पानाच्या समासात आकडा लिहिला आणि कागद टेबलावरून भाग्येशकडे सरकवले. रनाळ्याच्या शाळेतून मराठीचे अध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षे झाली होती. तांबडे पेन मात्र निवृत्त झाले नव्हते.

“आता मला सांग,” ते म्हणाले, “यात कथा कुठे आहे?”

भाग्येश त्यांचाच जुना विद्यार्थी. नंदुरबारला त्याचे ध्वनिमुद्रणाचे लहानसे केंद्र होते, अहिराणी विनोदाची वाहिनी होती, आणि आता त्याला ‘तापीयान’ पुन्हा उडवायचे होते. तीस वर्षांपूर्वी सरांनी लिहिलेली ती कॅसेटची मालिका. तापी आटून गेलेल्या काळात नदीच्या वाळूतून एक यान उडते, एक अख्खे गाव त्यात बसून पाण्याच्या शोधात ग्रहामागून ग्रह पालथे घालते, आणि त्या गावाला सांभाळतो भुंग्या नावाचा यंत्रमानव. पाच भाग निघाले. सारंगखेड्याच्या यात्रेत कॅसेटी हातोहात खपल्या आणि पोट भरायला गेलेल्या माणसांच्या पेट्यांतून सुरतेला पोचल्या. भुंग्याला भूक नाही, झोप नाही, दुखणे नाही, हा नियम सरांनी पहिल्या भागात घातला आणि पाचव्यापर्यंत डोळ्यांत तेल घालून पाळला. संकट आले की भुंग्या अहिराणीत म्हणे, ‘घाबरू नको, मी शे ना!’ मी आहे ना. त्यामागचा आवाज होता उखाचा.

“सर, लोकांना तेच ऐकायचंय,” भाग्येश म्हणाला. “जुनं यान, जुनं गाणं, भुंग्याचं वाक्य. सुरतेत उधन्याला बारा-बारा तास मागावर उभा राहणारा माणूस संध्याकाळी नवं काही शोधायला बसत नाही. त्याला घरचा आवाज हवा असतो.”

“मग त्याला जुनी कॅसेट ऐकव. नवा भाग कशाला म्हणतोस?”

“तुम्ही श्रावणात देवी म्हणून पुजता तो कानबाईचा नारळ दरवर्षी बदलता का? तोच ठेवता ना?”

सरांना हा युक्तिवाद आवडला, म्हणून त्यांनी तो अधिक निर्दयपणे खोडला. “नारळ तोच ठेवतो. पण तिच्या नैवेद्याच्या रोटाचं दळण त्या त्या वर्षीचं लागतं. मागच्या वर्षीचे रोट पुन्हा ताटात वाढलेस, तर तुझी आईच तुला उठवून लावील. तू मला नुसता नारळ दाखवतो आहेस, भाग्येश. एकोणीस पानं नारळ.”

भाग्येश हसला आणि त्याने पडते घेतले. सहावा भाग सरांनीच लिहायचा असे ठरले. सरांनी दोन अटी घातल्या. जुने वाक्य एकदाही येणार नाही. आणि भुंग्याचा आवाज उखाचाच असेल. कॅसेटमधून उचललेला नव्हे, आजचा.

“आजचा?” भाग्येशने विचारले. “सर, उखानानांचा आवाज... तुम्हाला माहीत आहे ना?”

“मला माहीत आहे म्हणूनच,” सर म्हणाले.

उखाच्या गळ्यातले स्वरयंत्र दोन वर्षांपूर्वी कर्करोगाने नेले होते. आता मानेच्या पुढच्या बाजूला श्वासापुरते भोक होते. बोलायचे असेल तेव्हा हातातल्या लहान बॅटरीएवढे एक यंत्र हनुवटीखाली टेकवायचे, बटण दाबायचे आणि ओठ हलवायचे. मग चढउतार नसलेला, घरघरणारा एक आवाज येई. ज्या माणसाने चाळीस वर्षे सारंगखेड्याच्या यात्रेत माइकवरून हरवलेल्या पोरांची नावे आणि बाजारात आलेल्या घोड्यांची वर्णने पुकारली, त्याच्या वाट्याला हे आले होते.

सर संहिता घेऊन त्याच्याकडे सारंगखेड्याला गेले तेव्हा तो ओसरीवर मफलर गुंडाळून बसला होता. त्याने हात जोडले, तोंडाने काही नाही. त्याच्या बायकोने, छबूबाईंनी, पाणी आणून ठेवले.

“ह्या आते बोलतस नही, गुरुजी. मशीन डबामा ठेवेल शे. गल्लीनी पोरे हासतस ना. दवाखानामा जावानं म्हटलं तरी नही म्हनतस. तठे खिडकीवर नाव सांगनं पडस.”

“किती महिने गेला नाही?”

“दोन तारखा हुकन्यात.”

सरांनी मान हलवली आणि कागद उघडले. उखाला अक्षरओळख नव्हती. पाचही भाग सरांनी त्याला असेच वाचून दाखवले होते आणि दोन वाचनांत त्याने ते पाठ केले होते. सहाव्या भागात यान अजून हिंडतेच आहे. तापी पाहिलेली माणसे संपली आहेत, यानातच जन्मलेली एक मुलगी उरली आहे, आणि भुंग्या गंजून गप्प झाला आहे. मुलगी विचारते, तू बोलत का नाहीस? फार वेळाने भुंग्या, मालिकेच्या साऱ्या इतिहासात पहिल्यांदाच, कबूल करतो: ‘आठे दुखस.’ इथे दुखते. तेवढेच. पाच भाग पाळलेला नियम एका वाक्यात मोडतो, आणि त्या मोडण्यात सहाव्या भागाला जन्मण्याचा अधिकार मिळतो, अशी सरांची धारणा होती. हे वाक्य त्यांना उखाच्या गळ्याकडे पाहून सुचले होते. उखाला काही विचारून नव्हे.

वाचन संपले. उखा उठला. मग आत गेला आणि डबा घेऊन आला. कापडात गुंडाळलेले यंत्र त्याने हनुवटीखाली धरले.

“परत वाचा, गुरुजी.”

छबूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. चार महिन्यांनी त्या नवऱ्याला बोलताना ऐकत होत्या.

ध्वनिमुद्रण दिवाळीनंतरच्या आठवड्यात झाले. भाग्येशच्या केंद्रात भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या. काचेपलीकडे तो आणि सर, अलीकडे उखा एकटा. मुलीचा संवाद आधीच मुद्रित होता. तो वाजला. उखाने यंत्र टेकवले.

“आठे दुखस.”

त्या सपाट घरघरीत असे काही होते की भाग्येशचा हात कळीवरच राहिला. सरांनी डोळे मिटले. तीस वर्षे आपण याच क्षणाकडे येत होतो, असे त्यांना वाटले.

“आठे दुखस,” उखा पुन्हा म्हणाला.

सरांनी डोळे उघडले. उखाने डाव्या हाताची दोन बोटे मफलरच्या आत, कानाखाली घातली होती आणि तो काचेतून थेट त्यांच्याकडे बघत होता.

“आठे. दुखस, गुरुजी.”

सरांनी बोलण्याची कळ दाबली. “एकदाच, उखा. संहितेत ते एकदाच आहे. दुसऱ्यांदा म्हटलं की वाक्य दयेची भीक मागायला लागतं. आणि भुंग्या ‘गुरुजी’ कुणाला म्हणेल? पहिलं उत्तम होतं. तेच ठेवू.”

उखाने क्षणभर यंत्र तसेच धरून ठेवले. मग खाली घेतले, पुसले आणि डब्यात ठेवले. परतीच्या वाटेवर सर त्याला अभिनयातील संयमाविषयी सांगत होते. तो मान हलवत होता.

दत्तजयंतीच्या यात्रेत, घोडेबाजाराच्या कडेला, संवादांना चित्रे जोडून केलेला नवा भाग दाखवायला भाग्येशने मोठा पडदा बांधला. दिवेलागणीला गर्दी इतकी झाली की लोक बैलगाड्यांवर चढले. पहिल्या रांगेत उखा आणि छबूबाई, शेजारी योगेंद्र सर. यान पडद्यावर आले तेव्हा शिट्ट्या झाल्या. सर शांतपणे आपल्या प्रसंगाची वाट पाहत होते. मुलगी आली. तिने विचारले, तू बोलत का नाहीस?

आणि तीस वर्षांपूर्वीचा, तरणाबांड, खणखणीत आवाज मैदानभर घुमला: “घाबरू नको, मी शे ना!”

लोक उठून उभे राहिले. टोप्या उडाल्या. कुणीतरी उखाला खांद्यावर उचलले, कुणी हार घातला, म्हातारी माणसे रडत त्याचे हात धरत होती. पडद्यावर पुढचे काय चालले आहे याकडे कुणाचेच लक्ष नव्हते, कारण पुढे काही नव्हतेच. त्या एका वाक्याच्या पायी सरांची उरलेली आठ पाने छाटलेली होती.

सरांनी भाग्येशला पडद्यामागे गाठले. “तू माझ्याशी बेइमानी केलीस.”

“सर, मी चाळीस जणांना आधी दाखवून बघितलं. नानांचं वाक्य आलं की लोक हसायचे. खरंच हसायचे. ते हसणं मी नानांपासून लपवलं नाही. त्यांनी बघितलं, डब्यातून यंत्र काढलं आणि म्हणाले, ‘मन्हा हाऊ आवाज लोकस्ले नको. जुना लाव.’ त्यांचा आवाज, सर. मी तुमचं ऐकू की त्यांचं?”

सरांनी पाठ फिरवली. ते उखाला न भेटताच रनाळ्याला परतले. ज्याच्यासाठी आपण भांडलो, त्यानेच टाळीसाठी आपले वाक्य विकले, असे त्यांनी मनात पक्के केले. दोन महिने ते सारंगखेड्याकडे फिरकले नाहीत. या काळात त्यांनी जुन्या कथांच्या नव्या आवृत्त्यांवर एक दीर्घ लेख लिहिला. आठवणीवर जगणारी कथा आपल्या श्रोत्याला भूतकाळात डांबून ठेवते, असे त्यात सप्रमाण सिद्ध केले होते. लेखात उखाचे नाव नव्हते.

फेब्रुवारीत छबूबाईंचा फोन आला. “गुरुजी, जरा येई जा.”

उखा त्याच ओसरीवर होता, पण निम्मा झाला होता. हातात मोबाइल. त्याने सरांना पाहिले, बोट टेकवले, आणि मोबाइलमधून तो तरणा आवाज आला: “चाल, यान तयार शे!”

“भाग्येशनी देयेल शे,” छबूबाई सांगू लागल्या. जुन्या कॅसेटमधली सात वाक्ये, सात बटणे. एक दाबले की चहा मागता येई, एक दाबले की निरोप देता येई. यात्रेनंतर गावोगावची माणसे भुंग्याला बघायला येत, आणि उखा त्यांना बटणे दाबून दाखवी. यंत्राचा डबा फळीवर गेला होता. पोरे आता हसत नसत, टाळ्या वाजवत.

“तुझं स्वतःचं एक वाक्य नाही का उरलं?” सर कडवटपणे म्हणाले.

उखाने बोट टेकवले. “घाबरू नको, मी शे ना!”

“हाईच,” छबूबाई म्हणाल्या. “जेवत नहीत. राती झोपतस नही. कितली येळ इचारं, काय व्हई ऱ्हायनं, दुखस का? तर हाईच बटन. मीबी हासी देऊ, गुरुजी. माले वाटे, चांगला शेतस. काल मफलर सोडाले लावा.”

त्यांनी मफलर बाजूला केला. डाव्या कानाखाली, ध्वनिमुद्रणाच्या दिवशी जिथे दोन बोटे गेली होती नेमकी तिथे, लिंबाएवढी गाठ होती आणि वरची कातडी निळसर पडली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. गाठ आता काढण्यापलीकडे गेली होती. “निदान दिवाळीपासून ठणकत असणार,” ते म्हणाले. “तेव्हा आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. इतके दिवस यांनी कुणालाच सांगितलं नाही?”

छबूबाईंनी मान हलवून नाही म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नंदुरबारला भाग्येशकडे गेले आणि वगळलेले मुद्रण मागितले. भाग्येशने ते शोधून लावले. गाद्यांच्या त्या खोलीत दोघे उभे राहून ऐकत होते. आठे दुखस. आठे दुखस. आठे, दुखस, गुरुजी. आणि त्यानंतर लगेच एक स्वच्छ, सुसंस्कृत, प्रत्येक अक्षर नीट उच्चारणारा आवाज: एकदाच, उखा. संहितेत ते एकदाच आहे.

भाग्येशने घाईने बंद केले. “सर, कुणालाही वाटलं असतं की ते...”

“कुणाला काय वाटलं असतं, ते राहू दे,” सर म्हणाले. “त्या मोबाइलवर आठवं बटण करता येईल?”

घरी आणलेल्या उखाला आता खाटेवरून उठवत नव्हते. सरांनी मोबाइल त्याच्या हातात दिला आणि त्याचे बोट नव्या बटणावर नेले. उखाने दाबले. भाग्येशने फक्त पहिले वाक्य कापून घेतले होते; घरघरणारे, सपाट, त्याचे आजचे.

“आठे दुखस.”

उखाने मोबाइलकडे पाहिले, मग सरांकडे. छबूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी गाठीच्या बाजूला तळवा ठेवला.

त्याने पुन्हा दाबले. थोड्या वेळाने पुन्हा. दुपारचे ऊन ओसरीवरून अंगणात सरकले तरी तो दाबतच होता, कधी लागोपाठ, कधी मध्ये ग्लानी येऊन. जन्मभर दुसऱ्यांच्या वाक्यांची मोजदाद करणाऱ्या योगेंद्र सरांनी त्या दिवशी काही मोजले नाही. ते खाटेजवळ बसून होते, आणि दर वेळी, वर्गात हजेरीला उत्तर द्यावे तसे, म्हणत होते, “हो, उखा. ऐकलं.”